मधल्याचा कोट

धाकट्याच्या प्रत्येक नाटकात एक कोट असतो आणि तो कुणीच घालत नाही. पडदा वर जातो तेव्हा तो खुंटीवर असतो, पडदा पडतो तेव्हाही खुंटीवरच. मधल्या वेळात माणसं भांडतात, रडतात, एकमेकांना टोप्या घालतात, दार आपटून निघून जातात. पण प्रवेश भर हिवाळ्यातला असला तरी त्या कोटाला हात लावायची कुणाची छाती होत नाही. जाणकारांनी या कोटावर ढीगभर लिहून ठेवलंय. कुणी म्हणालं, कोट म्हणजे सत्ता. कुणी म्हणालं, देव. एकाने तर तो मध्यमवर्ग असल्याचं साधार सिद्ध केलं होतं आणि त्याला त्यावर पदवीही मिळाली.

कोट शिवणारी बाई रंगमंचाच्या बरोबर खाली, कपड्यांच्या खोलीत बसायची. खोलीला खिडकी नव्हती. एक शिवणयंत्र, कापायचं लांब टेबल, दोन जड इस्त्र्या, आणि भिंतीभर टांगलेले राजे, नोकर, नवरे आणि वकील. सगळीकडे डांबराच्या गोळ्यांचा वास. डोक्यावरच्या फळ्यांवर तालीम चालू असली की पावलांवरून तिला कळायचं, कुणाचा प्रवेश आहे आणि कोण वाक्य विसरलंय. गळ्यात कायम टेप असे, म्हणून सगळे तिला टेपताई म्हणत. ती नाटककाराची सख्खी थोरली बहीण. तिला कोटाचा अर्थ विचारला असता, तर ती म्हणाली असती, कोट म्हणजे कोट. मधल्याचा आहे. तो आला की घालेल.

मधला येईल, हे ती चाळीसहून जास्त वर्षं धरून बसली होती. बाकी सगळ्यांनी सोडून दिलं होतं. धाकट्याने सोडलं की नाही, हे तिने कधी विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटायची.

तीन भावंडं होती. आईवडील एका वर्षाच्या अंतराने गेले आणि घर थोरलीच्या गळ्यात पडलं. दोन खोल्या, खाली दुरुस्तीची दुकानं, वर जिना. थोरली घरी बसून शर्टांच्या कॉलरी शिवायची. गठ्ठा यायचा, गठ्ठा जायचा, उरलेला शर्ट कसा दिसतो हे तिला कधी बघायला मिळालं नाही. मधला खालच्या सायकलवाल्याकडे लागला. धाकटा घरातला हुशार. त्या घरात हुशार म्हणजे कामाला हात न लावणारा, पण त्याचं अक्षर असं सुंदर होतं की दोघंही त्याला काही बोलत नसत. मधला त्याच्या डोक्यात टपली मारून म्हणायचा, "लिही बाबा, लिही. आमच्या घराण्यात निदान एकाची तरी नखं स्वच्छ राहू देत."

मधल्याची नखं कधीच स्वच्छ नसत. वंगण हातांच्या रेषांत जाऊन बसलं होतं. साबण झिजायचा, वंगण जागचं हलायचं नाही.

वडील गेल्यावर त्यांचा कोट राहिला. जाड, तपकिरी, उबदार. थोरलीने तो उसवला, उलटा केला आणि मधल्याच्या मापाने पुन्हा शिवला. कॉलरीपलीकडे तिने शिवलेली ती पहिली वस्तू. चांगला झाला, फक्त उजवी बाही अर्धं बोट आखूड पडली. मधल्याने घालून बघितला, मनगट पुढे केलं आणि म्हणाला, "बाही बरोबर आहे गं. पाना पिळून पिळून माझाच हात लांब झालाय."

ते दिवस वाईट होते. कोपऱ्यावर जीप उभी असायची. संध्याकाळी भोंगा वाजला की रस्त्यावर दिसेल त्याला उचलत. लोक स्वतःच्या घरात खालच्या आवाजात बोलायला शिकले, अर्धं वाक्य बोलून उरलेलं डोळ्यांनी सांगायला शिकले. नावं तर कुणी कुणाची घेतच नसे. भिंतीला कान असतात ही त्या गल्लीत नुसती म्हण राहिली नव्हती. पलीकडच्या खोलीतला भाडेकरू खरोखरच कान लावून बसायचा आणि सकाळी ऐकलेलं पोचतं करायचा. अशा दिवसांत धाकट्याने पत्रकं लिहिली. वय सतराचं. दुसरं कुणी ती लिहायला धजत नव्हतं आणि याचं अक्षर सुंदर.

जीपमधले चौघे जण आले ते भोंग्याच्या आधी, उजेड असतानाच. त्यांनी घरात काही शोधलं नाही. पुढच्या माणसाने एक पत्रक टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "हे कुणाचं?"

धाकटा शिवणयंत्रापाशी बसला होता. त्याने तोंड उघडलं, पण तोंडातून आवाज आला नाही. थोरलीच्या हातात कॉलर होती. मधला नुकताच खालून वर आला होता, हात धुवायला निघाला होता.

"माझं," मधला म्हणाला. "मी लिहिलं."

ज्याला स्वतःची सही करताना घाम फुटायचा तो. पण पुढच्या माणसाने त्याचे काळे हात बघितले आणि त्याची खात्री पटली. वंगण की शाई, हे तपासायला त्याला वेळ नव्हता.

बाहेर कडाका होता. मधला नुसत्या शर्टावर होता. थोरलीने खुंटीवरचा कोट काढला आणि पुढे झाली. पुढचा माणूस तिच्याकडे वळून अगदी सौम्यपणे म्हणाला, "कोट कशाला? तासाभरात परत पाठवतो."

तिने कोट परत खुंटीला लावला.

हे एवढंच तिने केलं. माणूस सभ्यपणे बोलला म्हणून तिला वाटलं, खरंच तासाभराचा प्रश्न आहे. उगाच हुज्जत घातली तर चिडेल. मधला जाताना म्हणाला, "येतो गं." जिन्यात पावलं वाजली, खाली दार लागलं. त्यानंतर तिने पुष्कळ काही केलं. चौकीच्या पायऱ्या झिजवल्या, हातापाया पडली, नको त्या माणसांना नमस्कार केले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पुढे काही वर्षांनी सरकार बदललं, तुरुंग उघडले, यायचे ते आले. मधल्याचं नाव कुठे निघालं नाही. आतून आलेल्या एका शेजाऱ्याला तिने विचारलं, आत सगळ्यात वाईट काय होतं? मार, उपास, असं काहीतरी तो म्हणेल असं तिला वाटलं. तो म्हणाला, "थंडी."

त्या एका शब्दाने ती जितकी मोडली तितकी आधीच्या सगळ्या वर्षांत मोडली नव्हती. मधला मेल्याचा कागद घ्यायला बोलावलं तेव्हा ती गेली नाही. घरही बदललं नाही. धाकट्याचं नाव झालं, पैसा आला, त्याने बागेकडच्या बाजूला मोठी जागा घेतली आणि चारदा न्यायला आला, ती म्हणाली, "त्याला हाच जिना माहीत आहे." लग्नाचंही असंच राहून गेलं. एक बरा माणूस विचारायला आला होता, पण त्याचं घर नदीपलीकडे होतं.

धाकटा नाटककार झाला तो एका इस्त्रीमुळे. मधल्याला नेल्यावर घरावर शिक्का बसला, कॉलरींचे गठ्ठे यायचे बंद झाले. नाट्यगृहातल्या कपड्यांच्या म्हाताऱ्या बाईने थोरलीला हाताखाली घेतलं. इस्त्रीची शेगडी असल्यामुळे ती खोली गरम असायची. घरात जळण नसे, म्हणून धाकटा बहिणीबरोबर येऊन तिथे बसू लागला. त्याने महिनोन् महिने तोंड उघडलं नव्हतं. तो वरच्या पावलांचे आवाज ऐकायचा. मग एक दिवस जिना चढून तालीम बघायला गेला आणि खाली आल्यावर म्हणाला, "ताई, वर माणसं बोलतात ती खोटं. एवढं पूर्ण वाक्य कुणी बोलतं का?"

त्याच्या नाटकांतली माणसं मग अर्धीच वाक्यं बोलू लागली. आवाज चढवत नाहीत. कुणाला नाव नसतं. बाप, शेजारी, भाडेकरू, एवढंच. नाटक दीड तासात संपतं आणि मध्यंतर नसतं. याला लोक त्याची शैली म्हणतात आणि ती आहेही. पण सुरुवातीच्या नाटकांना भोंग्याआधी प्रेक्षकांना घरी पोचवायचं होतं, म्हणून प्रयोग दुपारी असायचे आणि लवकर संपायचे. भोंगा जाऊन जमाना झाला, तरी त्या नाट्यगृहात त्याचे प्रयोग दुपारीच होत आले. जित्याची खोड, दुसरं काय.

पहिलं नाटक लिहून झाल्यावर तो खाली आला. "एक कोट लागेल," म्हणाला. "खुंटीवर टांगायला."

"कुणाच्या मापाचा?"

तो जिन्याकडे वळला. तिनेही पुन्हा विचारलं नाही. तपकिरी कापड आणलं आणि माप न घेता कापलं. उजवी बाही अर्धं बोट आखूड ठेवली. त्या दोघांत त्या संध्याकाळबद्दल पुढेही कधी बोलणं झालं नाही. तू गप्प का बसलास, असं तिने विचारलं नाही आणि तू कोट का दिला नाहीस, असं त्याने विचारलं नाही. दोघांनी मिळून एक कोट टांगला आणि त्यावर भागवलं.

दुसरं नाटक आलं तेव्हा मधल्याला नेऊन पाच वर्षं झाली होती. कापड टेबलावर पसरून खडूने खूण करता करता तिचा हात थांबला. मधला आता चोवीसचा झाला असेल. खांदे भरले असतील. आलाच तर जुन्या मापात मावणार नाही. तिने खांदा बोटभर वाढवला आणि शिवणीत भरपूर माया सोडली. तिसऱ्या नाटकाला छाती वाढवली. तिशीनंतर पोट धरायला सुरुवात केली, कारण त्याला बटाटे फार आवडायचे आणि वडिलांचंही तसंच झालं होतं. पन्नाशीत बाहेरून काही बदल न करता आतून जाड अस्तर लावलं. हाडं म्हातारी झाली की थंडी जास्त वाजते. अशी तिने त्या पोराला सगळी वर्षं दिली. खुंटीवरच्या कोटाचं माप कोण घेतं? दिग्दर्शक बदलले, नट आले-गेले, कुणाच्या ध्यानात आलं नाही.

धाकट्याच्या आलं होतं. एका नाटकाच्या वेळी तो खुंटीपाशी उभा राहून म्हणाला, "मोठा झाला."

"मग? लहानच राहील?" ती म्हणाली.

तिचा एक नियम होता: नाटक शिजत असताना झाकण उघडायचं नाही. ती संहिता वाचायची नाही. पात्रांची वर्णनं आणि मापं घ्यायची, आणि पहिल्या प्रयोगाला पडद्याच्या आडून, नटांच्या घाईत अंग चोरून उभी राहून बघायची. इतक्या वर्षांत तिच्या कानांनी ते कोरडे, अर्धेमुर्धे संवाद हजारदा ऐकले होते. पण त्यात काय नाही, ते तिला एका परक्या मुलीने सांगितलं.

ती मुलगी नाटककाराच्या लेखनावर अभ्यास करत होती. पुष्कळ वाचलेली, पण मिजास नाही. कोटाबद्दल तिने काही विचारलं नाही, त्यामुळे टेपताईला ती आवडली. काजं करण्यासाठी सुया ओवून देत ती म्हणाली, "एक गंमत सांगू? त्यांच्या प्रत्येक नाटकात कुणीतरी येऊन विचारतं, हे कुणाचं, कोण आहे, कुणी केलं. आणि एकाही नाटकात कुणी 'मी' म्हणत नाही. कधीच नाही. मी सगळी तपासली. ते असं का करत असतील?"

टेपताईची सुई कापडातच राहिली. तिला वाटत होतं, कोटात मधला आहे, म्हणजे नाटकात मधला आहे. धाकटा स्वतः कुठे आहे, हे तिने कधी शोधलंच नव्हतं. तो तिथे होता, दर नाटकात, शिवणयंत्रापाशी तोंड उघडं टाकून बसलेला.

"त्यालाच विचार," ती मुलीला म्हणाली. मुलगी हसली. त्याला विचारून काही मिळत नाही, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं.

मग धाकटा आजारी पडला. छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी स्पष्ट काही सांगितलं नाही आणि त्याने स्पष्ट काही विचारलं नाही, पण तो घाईने लिहायला लागला. जन्मात घाई न केलेला माणूस. नाटक झालं तेव्हा जिना उतरून खाली यायला त्याला दोनदा बसावं लागलं. कापायच्या टेबलापाशी स्टुलावर टेकून त्याने दम घेतला.

"कोट लागेल," तो म्हणाला.

"ते माहीत आहे. कापड आणून ठेवलंय."

"या वेळी माप जुनं पाहिजे. पहिलं. तो गेला तेव्हाचं."

टेपताईने गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला. तिला एकदम इतका राग आला की खोली लहान वाटायला लागली. इतकी वर्षं तिने मधल्याला खांदा खांदा करून वाढवलं, आणि हा स्टुलावर बसून म्हणतो की त्याला पुन्हा एकोणीसचा कर. एकोणीसच्या वर कोण जात नाही, हे काय तिला कळत नव्हतं?

"म्हणजे तू ठरवलंस," ती म्हणाली.

"काय ठरवलं?"

"तो मेला म्हणून."

"ताई, तसं नाही. तू एकदा नाटक..."

"सरकारने कागद दिला, मी घेतला नाही. तू कापडात देतोस होय? दुसऱ्या कुणाकडून शिवून घे. बाजारात शिंप्यांना तोटा नाही."

तो टेबलाला धरून उठला. आख्ख्या जगाला संवाद पुरवणारा माणूस, पण बहिणीपुढे त्याच्या तोंडाला कुलूप. शेवटी म्हणाला, "तुझ्याशिवाय कुणाला ते माप येत नाही," आणि एकेक पायरी धरत वर गेला.

तिने कोट शिवला, पण आपल्या मनाप्रमाणे. साठी उलटलेल्या माणसाचा. पोटाला सैल, खांद्याला थोडा उतरता, अस्तर दुहेरी. इस्त्री करताना ती एकटीच पुटपुटत होती. लहान भाऊ आजारी आहे, त्याच्याशी असं वागू नये, हे तिला कळत होतं. पण मधल्यासाठी भांडायला तिच्याशिवाय होतं कोण? आणि एकदा भांडायचं तिथे ती भांडली नव्हती.

तालमी पोशाखावर आल्या त्या दुपारी एक नवा नट दारात येऊन उभा राहिला. हडकुळा, पोरसवदा, मान अजून कॉलरीत न बसणारी.

"टेपताई, माझी ट्रायल द्यायची होती."

"तुझा शर्ट, विजार तिकडे आहे. घे."

"आणि कोट."

"कसला कोट? तो खुंटीवरचा आहे. त्याला ट्रायल नसते."

पोराने जरा घाबरत तो खुंटीवरून काढला. "नाही, मला घालायचाय. म्हणजे मला घालतात तो. सर म्हणाले, अंगाला नीट बसला पाहिजे, नाहीतर प्रवेश फसेल."

त्याने हात घातले. कोट त्याच्या अंगावर गोणपाटासारखा लोंबला. बाह्यांतून बोटंसुद्धा दिसेनात. पोराला हसू आलं, पण टेपताईचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. "यात माझ्यासारखे दोघं मावतील," तो हळूच म्हणाला.

"कोण घालतं तुला तो?" तिने विचारलं. "नाटकात."

"बहीण."

टेपताईने टेबलाची कड धरली. वर कुणीतरी रंगमंचावरून चालत गेलं, परत आलं. पोरगा कोट काढायला लागला तशी ती म्हणाली, "थांब. काढू नकोस." तिने त्याला उजेडात उभं केलं. दातात टाचण्या धरल्या आणि खांद्यापासून सुरुवात केली. खांदे आत घेतले, पाठ आत घेतली, बाह्या वर घेतल्या, पोट काढून टाकलं. चाळीस वर्षं बोटबोटभर दिलेलं एकेक करून काढून घेतलं. हाताला माप आठवत होतं, टेप गळ्यातच राहिला. पोरगा शहाणा, सांगेल तसा वळत राहिला. ती मधूनच थांबायची आणि बाहीने डोळे पुसून पुन्हा टाचणी लावायची. रडू येत होतं ते तिने लपवलं नाही.

"उजवी बाही जरा आखूड वाटते," शेवटी तो म्हणाला.

"ती तशीच असते," टेपताई म्हणाली.

पहिल्या प्रयोगाला सगळं नाट्यगृह भरलं होतं. धाकट्याला खुर्चीत बसवून पडद्याच्या आड आणलं होतं, गुडघ्यांवर शाल होती. टेपताई त्याच्या मागे उभी राहिली. त्या भांडणानंतर दोघं बोलले नव्हते. पडदा वर गेला आणि तिला दोन खोल्या दिसल्या. शिवणयंत्र, कॉलरींचा गठ्ठा, खुंटीवर कोट. तिचीच खोली. धाकट्याने पहिल्यांदाच दुसरं कुठलं घर मध्ये घातलं नव्हतं.

दीड तासातला तासभर त्या घरात थट्टामस्करी चालली. मधला घाणेरड्या हातांनी धाकट्याला टपल्या मारत होता आणि लोक खळखळून हसत होते. या नाटककाराच्या नाटकाला इतकं हसलेलं कुणी ऐकलं नव्हतं. टेपताईही हसली. तो असाच होता.

मग चौघे आत आले. टेबलावर कागद ठेवला गेला. "हे कुणाचं?"

"माझं," मधला म्हणाला. "मी लिहिलं."

थोरलीचं काम करणारी नटी कोट घेऊन पुढे झाली. चौघांतला पुढचा माणूस सौम्यपणे म्हणाला, "कोट कशाला? तासाभरात परत पाठवतो."

 टेपताईचे स्वतःचेच हात कोट परत टांगायला उचलले गेले. पण नटी परत फिरली नाही. ती त्या माणसाला वळसा घालून पुढे गेली. तिने मधल्याच्या खांद्यांवर कोट चढवला, एक हात घातला, दुसरा घातला, आणि वरच्या बटणापासून एकेक बटण लावायला घेतलं. "आवर," माणूस म्हणाला. तिने आवरलं नाही. चार माणसं आणि भरलेलं नाट्यगृह थांबून राहिलं, आणि ती सगळी बटणं लावून झाल्यावर तिने कॉलर वर करून त्याच्या कानांपर्यंत ओढली.

"येतो गं," मधला म्हणाला आणि कोट घालून गेला.

जिन्यात पावलं वाजली, दार लागलं. खुंटी रिकामी. रंगमंचावर बहीण उभी होती आणि यंत्रापाशी तो सतरा वर्षांचा पोर बसला होता, ज्याने चौघे आत आल्यापासून शब्द काढला नव्हता. तो उठला. रिकाम्या दाराकडे बघून, खालच्या आवाजात, पण पूर्ण वाक्यात म्हणाला, "ते मी लिहिलं होतं."

पडदा पडला. लोक किती वेळ टाळ्या वाजवत नव्हते आणि मग किती वेळ वाजवत होते, हे त्या दोघांना सांगता आलं नसतं. टेपताईने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता.

"असं झालं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"मी खुंटीला परत लावला होता."

"माहीत आहे. मी बघत होतो ना." धाकट्याने वळून तिच्याकडे बघितलं. "माझं तोंड तेव्हा उघडलं असतं, तर तुला कोट काढायची वेळच आली नसती, ताई."

 त्याच्या गुडघ्यांवरची शाल घसरली होती, ती तिने नीट केली आणि पायांखाली खोचली. तो मधला मेला असं म्हणाला नव्हता आणि तिनेही पुन्हा विचारलं नाही.

खाली आल्यावर तिने दिवा लावला. कपडे यायला लागले, चौघांचे, शेजाऱ्याचे, थोरलीचे. हडकुळा नट कोट घेऊन आला, टेबलावर ठेवून, वाकून नमस्कार करून गेला. तिने सवयीने ब्रश उचलला. खुंटीवरच्या कोटावर बसते ती फक्त धूळ, प्रत्येक प्रयोगानंतर ती झटकून टाकायची की झालं. खांद्यावर ब्रश फिरवायला तिने कोट हातात घेतला आणि तिचा हात तिथेच राहिला. काखेत घामाचा ओलावा होता, पाठीचं अस्तर अंगाला चिकटून चुरगळलं होतं. तिने ब्रश खाली ठेवला, कोट उलटा केला आणि दोन्ही हात आत घातले.

इतक्या वर्षांत कोट पहिल्यांदाच गरम परत आला होता.